भिंगरीची बॅग

आमच्या बसस्थानकात दोन खिडक्या शेजारीशेजारी आहेत. एक चौकशीची, तिच्यामागे मी. दुसरी सापडलेल्या वस्तूंची, तिच्यामागे पावतीबाई. मधे लाकडी फळ्यांची भिंत आहे, पण ती छतापर्यंत गेलेली नाही. त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू येतं आणि माझं सगळं त्यांना. बाईंबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं निम्मं या भिंतीवरून आलेलं आहे. उरलेलं निम्मं मी स्वतः नाक खुपसून मिळवलंय, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

पावतीबाई हे त्यांचं खरं नाव नाही, हे सांगायला नकोच. बसमध्ये राहिलेली वस्तू न्यायला कुणी आलं की बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमचीच कशावरून?" मग ती छत्री असो की डबा. एकदा एक कवळी आली होती. ती न्यायला आलेल्या आजोबांनी बिचाऱ्यांनी खिडकीसमोरच तोंडात बसवून दाखवली, वर हसूनही दाखवलं, तरी बाईंनी सही घेतली आणि पावती फाडली. तेव्हापासून चालक-वाहकांनी हे नाव पाडलं. तोंडावर मात्र सगळे ताई म्हणतात. मीही ताईच म्हणतो, कारण आमची तेवढी छाती नाही.

खिडकीमागची त्यांची खोली पाहण्यासारखी आहे. लोखंडी मांडण्यांवर छत्र्या, हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, एक कुबडी (तिच्याशिवाय तो माणूस बसमधून उतरला कसा, हे कोडं आम्हाला आजतागायत सुटलेलं नाही), आणि लहान मुलांचे बूट. बाईंची एक पद्धत आहे. जे जोडीनं आलं ते त्या लगेच सुतळीनं एकमेकांना बांधून टाकतात. बुटाला बूट, डब्याला झाकण, चष्म्याला त्याचं घर. "सुटं झालं की गेलंच," असं म्हणतात आणि गाठीवर गाठ मारतात. ती गाठ सोडवायला मालकाला नखं लागतात, कधीकधी दात.

या खोलीत गेली दोन वर्षं दुपारच्या वेळी भिंगरी बसायची. भिंगरी म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं दहा. बहीण परिचारिका आहे आणि दूरच्या एका देशात दवाखान्यात कामाला गेली आहे. मुलीचा बाप कुठे आहे ते मी विचारलं नाही, आणि भिंतीवरूनही कधी आलं नाही. पोरगी एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही. गृहपाठ करता करता स्टुलावर गोल गोल फिरायची आणि फिरता फिरता पाढे म्हणायची. भिंगरी हे नाव मीच ठेवलं, आणि बाईंनी ते चक्क पावती न मागता स्वीकारलं.

बहिणीचं तिकडचं काम शाळेचं हे वर्ष संपता संपता संपणार होतं. मग ती येऊन मुलीला घेऊन जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. बाई ते स्वतःच सगळ्यांना सांगत. कुणी म्हटलं, "ताई, पोर तुमच्यावरच गेलीय," की लगेच उत्तर, "माझ्यावर कशी जाईल? बहिणीची आहे. जशी दिली तशी परत द्यायचीय मला." खोलीतल्या वस्तूंबद्दल बोलतानाचाच तो आवाज. पण भिंगरीला यायला उशीर झाला की बाई एकाच गिऱ्हाइकाला दोनदा तेच विचारायच्या, आणि ते मला या बाजूला ऐकू यायचं.

आणि अशात शाळेनं सहल काढली. डोंगरावर, जंगलात, दोन रात्री तंबूत. शाळेच्या बाईंनी पालकांना बोलावून सांगितलं की पाण्याची बाटली, रेनकोट, स्वेटर, टॉर्च आणि चांगले बूट, एवढं द्या. बाकी आम्ही बघतो.

पावतीबाईंनी हात वर केला. "आणि मूल हरवलं तर?"

"नाही हरवणार. आम्ही सगळे बरोबर असू ना."

"माझ्या खोलीत जे जे पडलंय," बाई म्हणाल्या, "त्या प्रत्येकाबरोबर कुणीतरी होतंच."

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी भिंतीवरून सांगितलं, आणि वर विचारलं, "काय भाऊ, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, मुळीच नाही. माझं हे एक वाईट आहे. कुणी काही विचारलं की मी लगेच उत्तर देतो. खिडकीची सवय.

तर अशा रीतीनं एका सुट्टीच्या दिवशी मी आणि बाई डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात जाऊन उभे राहिलो. मी का, तर बाईंच्या मते मला बाहेरच्या जगाची माहिती आहे. मला गाड्यांच्या वेळांची माहिती आहे, त्यापलीकडे शून्य. पण कुणी आपल्याला जाणकार समजत असेल तर आपण होऊन कोण नाही म्हणतो?

दुकान दोन मजली. आत शिरताच एक चुणचुणीत विक्रेती पुढे आली. "मूल किती वर्षांचं?"

"दहा."

"उंची?"

बाईंनी आपल्या खांद्याखाली आडवा हात धरला. "इथपर्यंत. पुढच्या महिन्यात इथपर्यंत."

"किती उंचीवर जाणारेत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "गाडी पायथ्यापर्यंत जाते."

त्या मुलीनं आम्हाला तिथेच ओळखलं असणार. पण स्वभावानं चांगली होती. तिनं आधी झोपायच्या पिशव्या दाखवल्या. प्रत्येक पिशवीवर थंडीचे दोन आकडे. बाईंनी विचारलं, दोन कशाला? ती म्हणाली, "या पहिल्या आकड्यापर्यंत आरामात झोप लागते. आणि हा दुसरा आहे ना, एवढ्या थंडीत झोप लागत नाही, पण माणूस जिवंत राहतो."

बाई त्या दुसऱ्या आकड्याकडे बघत राहिल्या. "आणि याच्या मधे?"

"मधे म्हणजे?"

"मधे माणसाचं काय होतं?"

मी म्हणालो, "कूस बदलत राहतो," आणि दोघींनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

तिथून जो गोंधळ सुरू झाला तो काही आवरेना. टॉर्च घ्यायला गेलो तर कपाळाला बांधायचा, हातात धरायचा, पिळून चालणारा आणि उन्हावर चालणारा. उन्हावर चालणाऱ्या टॉर्चचा अंधारात काय उपयोग, हे मी विचारलं, आणि मिळालेलं उत्तर मला अजून नीट कळलेलं नाही. शिट्टी घ्यायला गेलो तर एकीत मणी असतो आणि एकीत नसतो, आणि नसलेली जास्त चांगली, कारण ती भिजली तरी वाजते. पाणी गाळून देणारी बाटली होती. ठिणग्या पाडायची कांडी होती, पण ती लहान मुलांना द्यायची नाही. मग मुलांच्या विभागात कशाला ठेवली? ती दिसायला छान आहे म्हणून. एक चंदेरी चादर होती, घडी केली की मुठीत मावणारी. ती अंगाभोवती गुंडाळली की शरीराची ऊब आतच राहते म्हणे. बाईंनी उलगडली तर ती चुरचुर वाजायला लागली आणि पुन्हा काही केल्या घडीत बसेना. शेवटी आम्ही तिघं तिची तीन टोकं धरून उभे होतो आणि चौथं सापडत नव्हतं.

बाईंचा निवड करायचा मार्ग वेगळाच होता. विक्रेती सांगायची, हे हलकं आहे, हे टिकाऊ आहे. बाई वस्तू हातात घेऊन डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "हे येतं माझ्याकडे." हातमोजे? "येतात. नेहमी एकच." टोपी? "ढिगानं." बाटली येते, तिचं झाकण वेगळं येतं, दोन वेगवेगळ्या गाड्यांमधून. त्यांच्या हिशेबानं जी वस्तू त्यांच्या मांडणीवर कधी आली नव्हती तेवढीच भरवशाची, आणि अशी वस्तू त्या दुकानात एकही नव्हती.

"मग काहीच घेऊ नका," मी वैतागून म्हणालो.

"असं कसं? काहीच नाही घेतलं आणि काही झालं तर बहिणीला काय सांगू?"

त्यांनी तिथूनच बहिणीला फोन लावला. बॅग केवढी घ्यायची ते विचारायला. बहीण कामाच्या गडबडीत असावी. फोनमधला आवाज मलाही ऐकू आला, "ताई, तूच बघ ना. मला तिचं आताचं माप कुठं माहितीय?"

बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला आणि समोरच्या लहान मुलांच्या बुटांकडे बघत उभ्या राहिल्या. बूट आम्हाला घ्यायचेच नव्हते. मग एकदम वळून विक्रेतीला म्हणाल्या, "सगळं द्या."

"सगळं म्हणजे?"

"तुम्ही दाखवलं ते. ती कांडी सोडून."

सामान आलं, पण बाईंच्या डोक्यातला भुंगा काही गेला नाही. आता प्रश्न पडला की हरवल्यावर करायचं काय. त्यांनी तो आमच्या उपाहारगृहात चहा पिणाऱ्या चालक-वाहकांपुढे टाकला, आणि हे फार चुकलं. जुना घाटातला चालक म्हणाला, पाण्याच्या ओढीनं खाली चालत जायचं, खाली वस्ती असतेच. दुसरा म्हणाला, वेडा आहेस का, ओढ्यात घसरून पडेल पोर, वर चढायचं, वरून सगळं दिसतं. एक वाहक म्हणाला, झाडाला मिठी मारून जागेवरच बसायचं. झाडाला मिठी का मारायची, हे त्याला सांगता आलं नाही, पण मिठीवरून तो हटेना. कपांतला चहा थंड झाला, एक गाडी उशिरा सुटली, आणि बाई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या, एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या.

"भाऊ, तुम्हाला काय वाटतं? बसायचं की चालायचं?"

"बसायचं," मी म्हणालो.

"नक्की?"

"थोडं चालून मग बसायचं."

आता आठवलं की कपाळाला हात लावावासा वाटतो. पण तेव्हा मला ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

सहलीच्या आदल्या दुपारी बाईंनी त्या खोलीतच बॅग भरली. मी भिंतीच्या या बाजूला गाड्या सांगत होतो आणि कान तिकडे होते. बाईंनी सुतळी काढली. शिट्टी बॅगेच्या पट्ट्याला बांधली. टॉर्च आतल्या कडीला. बाटली, होकायंत्र, चंदेरी चादर, रेनकोट, सगळं एकेका दोरीनं बॅगेलाच. स्वेटरचीसुद्धा बाही बांधली. "आता यातलं एकही सुटं पडणार नाही," त्या म्हणाल्या. आणि प्रत्येक गाठीबरोबर मुलीला समजावत होत्या.

"ही शिट्टी. एकटी पडलीस आणि कुणी दिसेना झालं, तर तीनदा वाजवायची. मग थांबायचं. मग पुन्हा तीनदा."

"हं."

"पाय मुरगळला आणि उठता येईना, तरी शिट्टीच. आणि रात्र झाली तर ही चादर. डोक्यावरून घ्यायची, नाक फक्त बाहेर."

"रात्री मी एकटी कशाला असेन?"

"नसशीलच. पण असलीस तर. आणि हे पाणी. ओढ्याचं तसंच प्यायचं नाही, यातून प्यायचं. आणि हे बघ, होकायंत्र. ही सुई उत्तरेला असते."

"मी उत्तरेला जायचं?"

भिंतीवरून बाईंचा आवाज आला, "भाऊ, तो डोंगर कुठल्या दिशेला आहे हो?"

मी सांगितलं. पण तिथून घर कुठल्या दिशेला, आणि डोंगराच्या कुठल्या बाजूनं ती हरवणार, हे काही मला सांगता येईना. बाई होकायंत्र फिरवत बसल्या. एरवी या अशा वेळी स्टुलाची करकर ऐकू यायची, पोरगी फिरत असायची. त्या दिवशी स्टूल वाजत नव्हतं. मला ते कळलं, पण समोर गिऱ्हाईक होतं.

शेवटी बाईंनी त्यांच्या खिडकीची जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी घेतली, जी त्या सापडलेल्या वस्तूंना लावतात, आणि ती बॅगेला अडकवली. तिच्यावर बसस्थानकाचं नाव आणि खिडकीचा फोन. कुणालाही कुठेही सापडली तरी परत इथेच आली पाहिजे.

सकाळी शाळेची गाडी आमच्याच फलाटावरून सुटली. पाठमोरी भिंगरी दिसतच नव्हती. बॅग चालत जाऊन गाडीत चढली असं वाटलं. बाई गाडीच्या खिडकीशी उभ्या राहून काचेतून काहीतरी सांगत होत्या, बोटांनी तीनचा आकडा दाखवत होत्या. गाडी निघाली. बाई आत आल्या आणि आल्या आल्या एका गृहस्थाला स्वतःची छत्री ओळखता येईना म्हणून इतकं झापलं की तो छत्री न घेताच गेला.

दुपारी शाळेच्या गाडीचा चालक मुलांना पायथ्याशी सोडून परतला. मी त्याला खिडकीतून येताना पाहिलं, आणि त्याच्या हातात भिंगरीची बॅग होती.

"शेवटच्या सीटखाली होती, ताई," तो म्हणाला. "तुमची चिठ्ठी दिसली, म्हटलं तुमचीच."

बॅग फळीवर ठेवून तो जेवायला गेला. सगळं होतं. शिट्टी पट्ट्याला, टॉर्च कडीला, बाटली, चादर, स्वेटर. एकही वस्तू सुटी पडली नव्हती. सगळं एकत्रच राहिलं होतं.

मी भिंतीला वळसा घालून आत गेलो. बाई बॅगेसमोर उभ्या होत्या आणि त्यांचा हात पावतीपुस्तकावर होता.

"ताई, काय करताय?"

"नोंद," त्या म्हणाल्या. "वस्तू आली की आधी नोंद करायची."

"अहो, आपल्या भिंगरीची बॅग आहे ती!"

"माहितीय मला. पण मालकानं स्वतः यावं लागतं. मालक लहान असेल तर पालकानं. मी पालक आहे का? बहीण आहे पालक." त्या डोळे पुसायला लागल्या. "भाऊ, तिच्याकडे काहीच नाही. अंगावर आहे तेवढंच. स्वेटरसुद्धा मी बांधून ठेवला. बांधला नसता तर निदान हातात तरी घेतला असता पोरीनं."

पावतीबाईंना मी त्याआधी रडताना पाहिलेलं नव्हतं. मला त्यांचा रागही आला आणि भरूनही आलं. मी शाळेच्या बाईंना फोन लावला, तो लागेना, डोंगरात कुठला लागायला. मग मी दोन्ही खिडक्या बंद केल्या. चौकशीच्या खिडकीवर 'चौकशी बंद' अशी पाटी आहे, ती पहिल्यांदाच लावली. आणि डोंगराच्या पायथ्याला जाणाऱ्या दुपारच्या गाडीत बाईंना आणि बॅगेला बसवून मीही बसलो.

वाटेत बाईंनी बॅग मांडीवर धरली होती. "ती शिट्टी वाजवायला गेली आणि शिट्टीच नसेल तर?" काही वेळानं, "बसलीय की चालतेय काय माहीत." मग, "तुम्ही थोडं चालायला का सांगितलंत हो?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ढग खाली उतरले होते आणि मला सगळ्या दिशा सारख्याच दिसत होत्या.

पायथ्याला उतरल्यावर एका दुकानदारानं पायवाट दाखवली. चढण फार नव्हती, पण आमचं वय होतं. दोन वळणं चढलो तोच गलका ऐकू आला. झाडांमध्ये एक सपाट मोकळी जागा, तिथे रंगीत तंबू, आणि पोरांचा असा धुडगूस की हरवायला इथे जागाच नव्हती. मधोमध भिंगरी. अंगात दुसऱ्याच कुणाचं तरी लाल जाकीट, बाह्या हातांच्याही खाली लोंबत होत्या. ती हात पसरून गोल गोल फिरत होती.

आम्हाला पाहून ती थांबली. तोंड एवढंसं झालं. "मावशी? आईला काही झालं का?"

"नाही गं. कुणाला काही नाही झालं." बाईंना धाप लागली होती. त्यांनी बॅग पुढे केली. "तू बॅग विसरलीस."

भिंगरी बॅगेकडे बघेना. बुटाच्या टोकानं माती उकरत म्हणाली, "विसरले नाही."

"मग?"

"सीटखाली ठेवली मी. मुद्दाम."

शाळेच्या बाई तोवर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मुद्दाम?" पावतीबाई म्हणाल्या. "का गं? जड झाली?"

"नाही." मग पोरीला बांध फुटल्यासारखं झालं. "त्यात सगळं हरवल्यावरचंच होतं, मावशी. एकटी पडल्यावरचं आणि पाय मोडल्यावरचं आणि रात्र झाल्यावरचं. ती पाठीवर होती ना, तर मला वाटत होतं, आता मला हरवावंच लागणार. मला हरवायचं नव्हतं. मला तंबूत झोपायचं होतं."

"अगं, पण पाऊस आला तर?"

भिंगरीनं शेजारच्या मैत्रिणीचा हात धरला. "हिचा रेनकोट मोठाय, आम्ही दोघी मावतो. बघितलं आम्ही."

"अंधार पडेल."

"सगळ्यांकडे टॉर्च आहेत. एवढे आहेत की झोप येणार नाही."

"आणि खरंच कुठे हरवलीस तर?"

"बाई मोजतात ना आम्हाला. सारख्या मोजतात. तुझ्यासारख्याच आहेत त्या."

शाळेच्या बाई कानकोंड्या झाल्या. पावतीबाई तिथेच एका दगडावर बसल्या, बॅग पुढ्यात घेऊन. थंडी वाढत होती, म्हणून निदान स्वेटर तरी द्यावा असं ठरलं, पण त्यांची स्वतःचीच गाठ त्यांना सुटेना. मी नखं लावून पाहिली. शेवटी भिंगरीनं खाली बसून दातांनी ती सोडवली आणि स्वेटर घातला. मग लाल जाकीट ज्या मुलाचं होतं त्याला देऊन आली. आली ती मावशीला खेटून बसली. मांडीवर नाही, आता ती तेवढी लहान नव्हती, पण खेटून.

"मावशी."

"काय?"

"आई न्यायला येईल ना, तेव्हा अशी बॅग भरू नको हं मला. मला मग वाटेल, तिथं पण मला हरवायचंच आहे."

बाईंनी मान हलवली. दोनदा हलवली. मग तिच्या केसांत अडकलेलं एक वाळकं पान काढलं, ते बघितलं, आणि कुठे टाकायचं ते न सुचून हातातच धरून ठेवलं. कुणीतरी भिंगरीला हाक मारली आणि ती पळाली. पळताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, बघायला हवं होतं एकदा. पण मी म्हातारा माणूस, मला काहीही वाटतं.

आम्ही उतरायला लागलो. बॅग आता मी घेतली होती. खाली रस्त्याच्या कडेला थांब्याचा एक खांब होता आणि दगडी बाक. परतीच्या गाडीला वेळ होता. समोरच्या डोंगरावर तंबूंची जागा दिसत नव्हती, पण तिकडे दिवे हलायला लागले होते, एक, तीन, मग पुष्कळ, नुसता गोंधळ. बाई त्या दिव्यांकडे बघत होत्या. त्यातला तिचा कुठला ते शोधत असाव्यात. तिच्याकडे तर टॉर्चच नव्हता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तिला काही द्यायचं नाही. पटलं मला. तिला काही लागतच नाही."

"पोरगी हुशार आहे."

"हो ना. बहिणीकडे व्यवस्थित राहील ती. चार दिवस रडेल, मग फिरायला लागेल." मग माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर तेच, दुकानात झोपायच्या पिशवीचे दोन आकडे बघताना होतं ते. काहीच न कळल्याचं. "पण ती गेल्यावर मी काय करायचं हो? बसायचं की चालायचं?"

मी रस्त्याकडे पाहिलं.

"गाडी आली," मी म्हणालो आणि उठून उभा राहिलो.

गाडी आली नव्हती. बाईसुद्धा उठल्या, आणि आम्ही दोघं रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे राहिलो.